लिटरला वीस ग्रॅम

त्या सोमवारी अगार गोठलं नाही, ते माझ्यामुळे.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. विभागप्रमुखांपुढे नाही, बायकोपुढे नाही, आणि ज्यांच्यापुढे सर्वांत आधी उच्चारायला हवं होतं त्या गहिनीअण्णांपुढे तर नाहीच. बावीस वर्षं होत आली. वाक्य ओठांवर आलं की मी घोटभर पाणी पितो आणि पाऊसपाण्याचं काहीतरी बोलतो. नगर जिल्ह्यात पाऊसपाण्याचं बोलणं कधी संपत नाही, ही माझ्यासारख्यांची मोठी सोय आहे.

पण एकदम सोमवारावर उडी मारली तर गहिनीअण्णांवर आणखी एक अन्याय होईल. हा माणूस त्या एका दिवसावरून ओळखला जावा असा नाही.

नगर शहराबाहेर एका संशोधन केंद्रात वनस्पतीरोगांचा विभाग आहे. तिथे मी सत्ताविसाव्या वर्षी करारावर लागलो आणि आता त्याच विभागाचा प्रमुख म्हणून त्याच फुटक्या पायऱ्या चढतो. शेतकरी वाळलेली झाडं पोत्यात घालून आणतात. ती कशानं वाळली ते आम्ही सांगायचं. त्यासाठी मुळाचा नखाएवढा तुकडा काचेच्या बशीत ठेवायचा आणि काय उगवतं ते बघायचं. बुरशीला उगवायला जमीन लागते. ती जमीन म्हणजे बटाट्याचं पाणी, थोडी साखर आणि अगार. अगार ही समुद्रातल्या शेवाळाची भुकटी. पाण्यात उकळून निववली की खरवसासारखी घट्ट बसते. कागदावर हे काम ‘माध्यम तयार करणे’ असं लिहितात. गहिनीअण्णा त्याला ‘लावणं’ म्हणत, दही लावतात तसं. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न, “काल लावल्यालं लागलं का?”

अण्णा पाथर्डीकडचे. आईबाप ऊसतोडीला जाणारे. अण्णांचं निम्मं बालपण कारखान्याच्या तळावरच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, गेलेलं. कसे कोण जाणे, पंचविशीच्या पुढे आमच्या केंद्रात काचेची भांडी धुवायला रोजंदारीवर लागले, आणि भांडी धुता धुता त्यात काय शिजतं ते शिकून बसले. मी आलो तेव्हा त्यांना अकरा वर्षं झाली होती आणि माध्यमांची खोली त्यांच्या ताब्यात होती. ताब्यात म्हणजे शब्दशः. दारावर ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’ अशी पाटी. परवानगी द्यायची कुणी ते पाटीवर नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

डोक्यावर कडक पांढरी टोपी आणि अंगात केंद्रानं दिलेला पांढरा कोट. तो कोट कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचा असावा. अण्णांनी बाह्या चार वेळा दुमडल्या तरी बोटांची टोकंच तेवढी बाहेर दिसायची. वरून सरपंच आणि खालून कंपाउंडर असा तो एकूण अवतार. मी एकदा तसं म्हणालोही. ते म्हणाले, “वरचं माझं हाय, खालचं सरकारी.”

मी नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याचा, डोंगरातल्या भाताच्या गावचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “सर, गाव कोन्तं?” सांगितलं. “म्हंजी भातवाले. मऊ असत्यात भातवाले. आमी बाजरीवाले, पान्याबिगर गिळनारे.” तेव्हापासून मी ‘भातवाले सर’. माझ्या हातून चंचुपात्र पडलं तरी कारण भात, आणि मला सर्दी झाली तरी कारण भात.

बटाटे ते स्वतः बाजारातून निवडून आणत. कोंब फुटलेला चालत नसे, हिरवट डागाचा चालत नसे. “बुरशीला काय द्यायचं ते आपन खाऊ असंच पायजे.” आणि खरोखरच ते खायचे. बटाटे उकडून पाणी गाळून घेतलं की उरलेल्या फोडी फेकायच्या असतात, असं पुस्तक सांगतं. अण्णा मागच्या पडवीत शेगडीवर तव्यात लसूण-मिरचीचा ठेचा परतून त्या फोडी त्यात घोळवायचे. बुरशी रस्सा प्यायची आणि आम्ही बटाटे खायचो. मोठे सर, म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख, तपासणीच्या निमित्तानं बरोबर एक वाजता पडवीत यायचे आणि “हे नियमात बसत नाही” असं म्हणत भाकरीचा तुकडा मोडायचे.

शिजवलेलं माध्यम बशीत ओतायचं ते बेताचं कोमट झालं की. फार गरम असेल तर झाकणाला घाम सुटतो, फार निवलं तर ओतताना गाठी होतात. यासाठी तापमापी असते. अण्णांची तापमापी म्हणजे त्यांचा उजवा गाल. चंबू गालाला लावायचे, डोळे मिटायचे, एखाद्या आईनं बाळाच्या कपाळाला गाल लावावा तसे दोन क्षण उभे राहायचे. मग म्हणायचे “झालं,” आणि ओतायला सुरुवात. मी एकदा गुपचूप तापमापी घालून पाहिली. नंतर ती कपाटात ठेवली, आणि पाहिल्याचं त्यांना कळू दिलं नाही.

ओतताना खोलीत बोलायचं नाही, हा कायदा. पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडं बंद. मे महिन्यात कोटाच्या आत घामाचे ओहोळ वाहायचे. एका बाहेरच्या पाहुण्या अधिकाऱ्यांनी भर ओतण्यात विचारलं, “हे काय करताय?” अण्णांनी ओतून होईपर्यंत मान वर केली नाही. शेवटच्या बशीवर झाकण पडल्यावर अगदी नम्रपणे म्हणाले, “सायेब, तुमी बोल्ला ना, त्यातलं थोडं या बशीत पडलं असंल. परवा या, दाखवतो काय उगावलं.” साहेब परवा आले नाहीत. अण्णांनी मात्र त्या बशीवर साहेबांचं आडनाव लिहून ती चार दिवस जपली. त्यात पिवळ्या ठिपक्यांचं असं झकास पीक आलं होतं की बोलायची सोय नाही.

त्यांच्या या खोडीचा कळस म्हणजे हवेचा पंचनामा. एका पावसाळ्यात आमच्या बश्यांमध्ये सारखी भलतीच बुरशी यायला लागली. मोठ्या सरांनी अण्णांना बोल लावला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी प्रत्येक खोलीत अगारची एकेक बशी झाकण काढून अर्धा तास ठेवली: भांडारात, कारकुनांच्या टेबलावर, माझ्या खोलीत, पडवीत, संडासाशेजारच्या बोळात, आणि मोठ्या सरांच्या केबिनमध्ये. मग नावं घालून सगळ्या बश्या कपाटात. तीन दिवसांनी त्या व्हरांड्यातल्या बाकावर ओळीनं मांडल्या. पडवीतल्या बशीत दोन ठिपके. संडासाशेजारच्या बोळातल्या बशीत पाच. मोठ्या सरांच्या केबिनच्या बशीत काळं, हिरवं, नारिंगी असं तुडुंब पीक. बशीचा तळ दिसेना.

मोठे सर चष्मा वर करून पाहत राहिले. “हे माझ्या केबिनमधलं?”

“व्हय सर. जमीन लई भारी हाय तिथली.”

केबिनमधल्या कूलरच्या गवताच्या ताट्या चार वर्षांत बदलल्या नव्हत्या, हे त्यातून निघालं. ताट्या बदलल्या, बश्या स्वच्छ येऊ लागल्या. अण्णांना शाबासकी कुणी दिली नाही. पण मोठ्या सरांनी कूलर लावायच्या आधी “गहिनी, लावू का?” असं विचारायला सुरुवात केली, आणि अण्णांना तेवढी पुरली.

त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. अगारचा डबा उघडला की ते चिमूटभर भुकटी तळहातावर घेऊन बघत. “कुठं त्यो समुद्र आन् कुठं पाथर्डी! आमच्याकडं प्यायाला टँकर, आन् ह्ये बघा, समुद्रातलं शेवाळ माझ्या हातात.” एक मोठे प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. शेवटी त्यांनी सवयीनं विचारलं, “कुणाला काही शंका?” मागून दुमडलेली बाही वर झाली.

“सर, ह्ये अगार समुद्रात असतं ना?”

“हो. शेवाळात.”

“आन् समुद्राला पानी भरपूर. मग समुद्र का न्हाई लागत?”

सभागृहात हशा झाला. प्राध्यापकही हसले, मग थांबले, मग फळ्याकडे वळले आणि दहा मिनिटं बोलले. अगार शेवाळाच्या अंगात कोंडलेलं असतं, ते उकळल्याशिवाय बाहेर येत नाही, वगैरे. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “एवढंच हुतं तर सरळ सांगायचं, समुद्राखाली चूल न्हाई म्हनून.”

आता माझ्या विनोदाकडे येतो. इथून पुढे हसणं जरा जड जाईल.

अण्णांची मुलगी सविता दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. भिंगारमध्ये एका खोलीत भाड्यानं राहून त्यांनी तिला शिकवलं होतं. पेढे सगळेच आणतात म्हणून अण्णांनी वेगळं केलं. किराणा दुकानात चायनाग्रास मिळतं, ते अगारच. त्यांनी दूध, साखर, वेलची घालून गुलाबी चायनाग्रास शिजवलं, आणि ओतलं कशात? तर आमच्याच नव्या, न वापरलेल्या काचेच्या बश्यांत. पन्नास बश्या, सगळ्यांत एकाच जाडीचा गुलाबी थर, मधोमध पिस्त्याचं एक काप. दिसायला इतकं सुरेख की कुणाची खायची हिंमत होईना. त्या पिस्त्याकडे बघून प्रत्येकाला वाटत होतं की ही वाढ कालच सुरू झालीय.

मी पहिली बशी उचलली, चमचा मारला आणि भांडारपाल काळेभाऊंकडे बघून मोठ्यानं म्हणालो, “काळेभाऊ, भांडारातला अगारचा डबा उचलून बघा हो. हलका झालाय वाटतं!”

सगळे हसले. अण्णा सगळ्यांत जास्त हसले. टोपी हातात घेऊन म्हणाले, “भातवाल्यांचं त्वांड गोड केलं तरी आंबटच निघतं.” विनोद लोकांना आवडला. पुढे अण्णांनी डबा आणला काय किंवा पोरीचं नाव निघालं काय, कुणीतरी म्हणायचंच, “डबा हलका झालाय वाटतं.” विनोद माझा होता, आणि तो चालतोय याचा मला थोडा अभिमानही होता.

त्याच वर्षी केंद्रानं रोजंदारीवरच्या तिघांना कायम करायची यादी केली. तीत अण्णांचं नाव पहिलं. कायम होणं म्हणजे त्यांच्या लेखी काय होतं ते त्यांनी मला बटाटे सोलता सोलता सांगितलं होतं. “आई-बाप साठीच्या म्होरं गेलेत. दसरा झाला की अजून कोयता घेऊन ट्रकमधी बसत्यात. एकदा का कायम झालो, की दोघांच्या हातातला कोयता काढून घेतो आन् भिंगारला आनून बसवतो. म्हातारा म्हनतो, बसून काय करू? म्हनलं, बस. आमच्या खानदानीत कुनीच बसलं न्हाई अजून, तू सुरुवात कर.”

यादीवर मोठ्या सरांची शिफारस व्हायची होती. त्याच आठवड्यात, सोमवारी, डाळिंबाच्या मर रोगाच्या आमच्या प्रकल्पाचा आढावा घ्यायला पुण्याहून तिघांची समिती येणार होती. शेतकरी वाळलेली झाडं घेऊन येणार, समितीसमोर मुळांचे तुकडे बश्यांत ठेवून दाखवायचे, असा बेत. त्यासाठी आंबट केलेलं अगार हवं होतं. म्हणजे माध्यमात थोडं आम्ल घालायचं, त्यानं जिवाणू दबतात आणि फक्त बुरशी वाढते. ते आम्ल माझ्या कपाटात कुलूपबंद असे आणि घालायचं कामही माझं. घालायचं केव्हा, तर माध्यम वाफेच्या दाबावर शिजवून, निवत आल्यावर, ओतायच्या आधी. अण्णांच्या भाषेत, “आंबट शेवटी.” आम्लासकट शिजवलं तर अगारचा गोठायचा गुणच मरतो. हे पुस्तकात आहे. मी ते परीक्षेत लिहिलेलंही होतं.

पण तो शनिवार होता. रविवारी मला अकोल्याजवळ मुलगी बघायला जायचं होतं. सोमवारी पहिल्या गाडीनं निघूनही मी वेळेवर पोहोचेन याची खात्री नव्हती, आणि मी नसलो तर आम्ल घालणार कोण? कपाटाची किल्ली अण्णांकडे देता आली असती. नियमात बसत नव्हतं म्हणून दिली नाही. एरवी बटाटे खाताना नियम कुठे आडवा यायचा? अण्णा वीस-वीस ग्रॅम अगार मोजून, चंबू भरून, कापसाची बुचं लावून ओळीनं ठेवून रोपवाटिकेकडे गेले होते. मला एस.टी. गाठायची होती. मी चंबूंची बुचं काढली, सगळ्यांत आम्ल घातलं, बुचं पुन्हा लावली. म्हटलं, कामच एक कमी झालं. अण्णांना सांगायचं म्हणून दोन हाका मारल्या. ओ आली नाही. मी निघालो.

दुपारी अण्णांनी चंबू दाबपात्रात शिजवले आणि नेहमीसारखं ते बंद ठेवून कुलूप लावून गेले. निवताना ते आत गोठून बसायचे, सोमवारी सकाळी पातळ करून ओतायचे, अशी त्यांची पद्धत.

मुलगी मला पसंत पडली. मी तिला पडलो. सोमवारी सव्वानऊला मी केंद्रात पोहोचलो तो हवेत तरंगतच.

माध्यमांच्या खोलीच्या दारात अण्णा चंबू हातात धरून उभे होते. ते चंबू तिरपा करत होते. आतलं पाणी या काठावरून त्या काठावर जात होतं.

“सर, लागलं न्हाई,” ते म्हणाले. “एक बी लागलं न्हाई.”

मला त्याच क्षणी कळलं. नंतर विचार करून कळलं, दुपारी कळलं, असलं काही मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलंय. त्याच क्षणी कळलं.

अण्णांनी दुसरा घाणा आधीच चढवला होता, पण तो शिजून निवून हाती यायला वेळ होता. साडेदहाला समिती आली. शेतकरी झाडं घेऊन उभे, पाहुणे उभे, आणि टेबलावर रिकाम्या बश्या. मोठे सर लालबुंद झाले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, “गहिनी, अगार किती टाकलं होतं?”

“वीस सर. लिटरला वीस ग्रॅम.”

“मग गोठलं का नाही?”

“लिटरला वीस ग्रॅम, सर. माझ्या हातानं मोजलं.”

काळेभाऊ दाराशी होते. माणूस वाईट नव्हता, ताण हलका करावा म्हणून ते ओशाळं हसत म्हणाले, “डबा हलका झालाय म्हणतातच सगळे.”

या वेळी कुणी हसलं नाही. समितीतल्या एकांनी विचारलं, “म्हणजे काय?” मग चायनाग्रासची हकीकत निघाली. मग डबा मोजला. नोंदीपेक्षा थोडं कमी भरलं. कुठल्याही प्रयोगशाळेत भरेल तेवढंच, सांडलवंड, चमच्याला चिकटलेलं. पण त्या दिवशी ते पुरेसं होतं.

मी तिथेच होतो, मोठ्या सरांपासून दोन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं. माझा करार मार्चमध्ये नवा व्हायचा होता, कालच लग्न ठरलं होतं, आणि मला वाटलं की जरा वेळानं, पाहुणे गेले की बोलू. पाहुणे जेवून गेले. मी बोललो नाही.

त्यानंतर अण्णांनी जे केलं ते फक्त मी पाहिलं. सगळे पांगल्यावर त्यांनी मापाच्या कागदाची एक पिवळी पट्टी घेतली, आंबट-खारं ओळखायची. चंबूतल्या पाण्यात बुडवली. पट्टी लाल झाली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या टेबलावरची कागदपत्रं नीट लावत होतो. ती आधीच नीट होती. अण्णांनी पट्टी फुंकून वाळवली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, “सर, मुलगी कशी हाय?”

“चांगली आहे.”

“झाक झालं,” म्हणाले, आणि भांडी धुवायला गेले.

यादीतून एक नाव कमी झालं. अण्णांना रोपवाटिकेत पाणी घालायला पाठवलं. तीन महिने माध्यमं दुसऱ्या कुणीकुणी केली. मी केली, एका पदवीधर मुलीनं केली. गाठी झाल्या, झाकणांना घाम सुटला, बश्यांत बागा फुलल्या. शेवटी मोठ्या सरांनी स्वतः जाऊन अण्णांना परत आणलं. ते खोलीत परत आले. यादीत आले नाहीत. आणि एक नवी अट लागली: अगार मोजायचं ते भांडारपालांच्या समोर. अण्णांनी त्याचाही तमाशा केला नाही, खेळ केला. रोज दारातून हाक, “चला काळेभाऊ, सोनं तोलायचंय.” काळेभाऊ खाली मान घालून यायचे. तराजूचा काटा थांबला की अण्णा मोठ्यानं म्हणायचे, “लिटरला वीस ग्रॅम! साक्षीदार हजर!” काळेभाऊ निवृत्त होईपर्यंत हे चाललं. पहिली काही वर्षं लोक हसायचे. मी तेवढ्या वेळात काहीतरी आणायला बाहेर जायचो.

त्या वर्षी दसरा झाल्यावर त्यांनी एक दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी बटाटे सोलताना मी विचारलं, “काय अण्णा, गावी?”

“म्हाताऱ्यांना ट्रकमधी बसवून आलो,” ते म्हणाले. “म्हातारा खूश हुता. म्हनला, बरं झालं, बसायला जमलं नसतं मला.” आणि हसले.

माझ्या लग्नाला ते अकोल्याला आले, भंडारदऱ्याचं पाणी बघायचं निमित्त काढून. पंगतीत आमसुलाचं सार होतं. वाढप्याला त्यांनी विचारलं, “आमसूल कवा टाकलं हो?” तो म्हणाला, “शेवटी.” “शाब्बास,” म्हणाले, आणि पलीकडे नवरदेवाच्या पाटावर बसलेल्या माझ्याकडे पाहून वाटी उचलली. बायकोनं विचारलं, “हे काका इतके का हसतायत?” मी म्हटलं, “पाथर्डीचे आहेत.” लग्नानंतर बायकोला सांगितलेलं ते माझं पहिलं खोटं. पाथर्डी खरी होती, तेवढंच.

त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना. अशा दोन माणसांनी एका खोलीत एकवीस वर्षं बुरशी वाढवली. मी कायम झालो, वर चढलो. ते रोजंदारीवरच राहिले. सविता नर्स झाली, तिचं लग्न झालं. म्हातारा एका हंगामात तळावरच आजारी पडला आणि गावी आणल्यावर गेला. म्हातारी नंतर अण्णांकडे भिंगारला आली, पण ती बसलेली बघायला म्हातारा नव्हता. म्हाताऱ्याच्या दहाव्याला मी गेलो होतो. तिथेही एकदा वाक्य ओठांवर आलं होतं. अण्णांनीच मला पाणी दिलं.

गेल्या वर्षी साठी झाली आणि त्यांचं येणं थांबलं. रोजंदारीवाल्याला निरोपसमारंभ नसतो. आम्ही पडवीत बटाटे केले. मीठ जास्त झालं होतं, कारण या वेळी ते मी केले होते.

आता गेल्या महिन्यातलं. वरून हुकूम आला की यादीतून वगळलेल्या जुन्या रोजंदारीवाल्यांची प्रकरणं पुन्हा तपासावीत. वगळण्याचं कारण चुकीचं ठरलं तर मागील तारखेपासून सेवा धरावी. अण्णा अर्ज घेऊन स्वतः आले. टोपी कडक, कोट नाही. कोटाशिवाय ते मला भलतेच बारीक वाटले. अर्ज टेबलावर ठेवला. वर शेरा होता: ‘विभागप्रमुखांचा स्वयंस्पष्ट अभिप्राय आवश्यक’. विभागप्रमुख म्हणजे मी.

“सर, कायदा हाय म्हनून दिला,” ते म्हणाले. “सविता मागं लागली हुती. तुमी तान घेऊ नका.”

“नाही हो अण्णा, ताण कसला.”

“न्हाई, भातवाले घेत्यात.”

मग माध्यमांची खोली बघून येतो म्हणाले. आता तिथे तयार मिश्रणाचे डबे येतात. बटाटा सोलावा लागत नाही, अगारही आधीच मिसळलेलं असतं. नवी मुलगी कानात गाण्याची बोंडं घालून ओतत होती. अण्णा दाराच्या काचेतून बघत राहिले. मला वाटलं, हळहळतील. ते म्हणाले, “हात बरा हाय पोरीचा. पर बटाटे न्हाईत, तर दुपारी खातीया काय?”

चहा नको म्हणाले. मी फाटकापर्यंत सोडायला निघालो तर म्हणाले, “बसा, सायेब मानसानं उन्हात येऊ नये.” म्हणून मी वरच्या खिडकीतून पाहत राहिलो. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण रस्त्यावरचे जीपवाले अजून “नगर, नगर” ओरडत जातात. अण्णा बाभळीच्या सावलीत उभे होते, पिशवी काखेत. मध्येच त्यांनी वळून इमारतीकडे पाहिलं आणि हात वर केला. मीही घाईनं हात वर केला. मागून जीप येत होती. हात जीपला होता. ते मागच्या फळीवर अर्धे बाहेर लटकत बसले, एका हातानं टोपी धरली, आणि जीप गेली.

अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याला एक पान जोडायचं आहे. त्या शनिवारी आम्ल मी घातलं, शिजवण्याआधी घातलं, कुणाला सांगितलं नाही. अगार लिटरला वीस ग्रॅमच होतं. डबा हलका झाल्याची गोष्ट मी चेष्टेत उठवली होती. खाली माझं नाव, हुद्दा आणि सही. हे एक पान मी गहिनीनाथ अण्णांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.